ठसेतज्ज्ञांना पाचारण

जिल्ह्याच्या पानावर घरफोडीची बातमी आली की तिचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: 'घटनास्थळी श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले.' श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले, हेही कधीकधी छापून येते. ठसेतज्ज्ञांचे पुढे काय झाले ते कुणी छापत नाही. पाचारण झाले, एवढ्यावर त्यांचा विषय संपतो.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, या वाक्यातले 'ठसेतज्ज्ञ' म्हणून ज्यांची नोकरीची बहुतेक वर्षे गेली असे एक गृहस्थ आता निवृत्त आहेत. नाव छापायचे नाही ही त्यांची पहिली अट. कोणत्या गुन्ह्यात कोण होता हे विचारायचे नाही, ही दुसरी. गावोगाव लोक त्यांना 'ठसेवाले साहेब' म्हणत. इथेही त्यांना ठसेवालेच म्हणू.

जिल्हा अवाढव्य. १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून रात्रीच्या चोरीचा निरोप सकाळी यायचा, गाडी मिळेपर्यंत दहा वाजायचे, आणि पोहोचेपर्यंत अर्ध्या गावाने त्या घराला हात लावून झालेला असायचा. कपाट उघडे दिसले म्हणून पुतण्याने लोटलेले, भावकीने आत डोकावून पाहिलेले, शेजारणीने विस्कटलेले कपडे घडी घालून ठेवलेले. एका घरी तर 'साहेब येणार' म्हणून सुनेने फरशी पुसून, कपाटावरून ओला बोळा फिरवून सगळे चकचकीत करून ठेवले होते. ठसेवाल्यांनी तिथे चहा घेतला आणि परत आले. तिला रागवावेसे त्यांना वाटले नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरणारच ना ती.

तरी पेटी उघडायचीच. राखाडी पावडर, काळी पावडर, खारीच्या केसांचा मऊ ब्रश, टेप, भिंग, बॅटरी. बॅटरीचा झोत तिरपा मारला की काचेवर, स्टीलच्या डब्यावर, पत्र्याच्या पेटीवर बोट टेकल्याची जागा चमकते. त्यावर ब्रश हलकाच फिरवला की घामाच्या ओलीला पावडर चिकटते आणि रेषा उठतात. मातीच्या भिंतीवर, खडबडीत लाकडावर, गोणपाटावर काही उठत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली सगळे वाळून कोळ झालेले असते. कागद असेल तर निनहायड्रिनचे द्रावण लावायचे. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होते आणि काही तासांनी जांभळे ठसे वर येतात. नोकरीच्या पहिल्या वर्षात हा जांभळा रंग पाहायला ते रात्री उशिरापर्यंत थांबत. गुन्ह्याच्या जागी आपसूक उमटून राहिलेल्या अशा ठशाला खात्यात सगळे 'चान्स प्रिंट' म्हणतात. नाव अगदी रास्त आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो चान्स लागत नाही.

शनिशिंगणापूरचा विषय निघाला की त्यांना हसू येते. त्या गावात घरांना दारे न लावण्याची परंपरा. २०११ साली तिथली बँकेची शाखा बिनकुलपाची म्हणून गाजली, २०१५ साली गावात पोलीस ठाणेही झाले. "तिथं कडी-कोयंड्यावर पावडर मारायचा प्रश्नच नव्हता," हा त्यांचा ठेवणीतला विनोद.

विज्ञानाची पदवी घेऊन ते या खात्यात आले तेव्हा ठशांबद्दल त्यांना ठाऊक होते ते आजीने सांगितलेले. आजी नातवंडांच्या बोटांवरची चक्रे आणि शंख मोजायची, आणि किती चक्रे असली की माणूस राजा होतो याचा तिचा स्वतःचा एक हिशेब होता. पुण्याला प्रशिक्षणात कळले, की आजीची चक्रे इथेही आहेत, फक्त भविष्य सांगण्याऐवजी माणूस शोधायला वापरतात. कमान, फास, चक्र आणि मिश्र असे ठशांचे मोठे गट. फास सर्वांत जास्त, कमान फार कमी. दहा बोटांची शाईने घेतलेली पत्रिका, तिला 'सर्च स्लिप' म्हणायचे. प्रत्येक पत्रिकेला बोटांच्या नक्षीवरून एक सूत्र द्यायचे आणि त्या सूत्राप्रमाणे ती खणात लावायची. संगणक नव्हता तेव्हा हजारो पत्रिकांतून हवी ती काढता यायची ती या सूत्रामुळे.

ही पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागचे डोके मुख्यतः अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली उपनिरीक्षकांचे होते. जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ साली कोलकात्यात निघाले, लंडनच्या चार वर्षे आधी. त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या घरातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा अर्धवट ठसा होता आणि तो एका जुन्या नोकराच्या पत्रिकेशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून सोडले. अंगठा तिथे टेकला होता हे सिद्ध झाले, पण सुरी त्याच हाताने चालवली हे सिद्ध झाले नाही. ही गोष्ट प्रशिक्षणात अभिमानाने सांगत, ती ठशावरून झालेली भारतातली पहिली शिक्षा म्हणून. खुनातून सुटल्याचा भाग घाईत उरकत. ठसेवाल्यांना मात्र पुढे नोकरीभर तोच भाग आठवत राहिला.

त्याचे कारण एक कपाट. एका तालुक्याच्या गावी घरफोडी झाली. कपाटाच्या आतल्या बाजूला, चोरकप्प्याच्या दारावर, सुरेख ठसा मिळाला. घरच्या माणसांचा नव्हता. संशयितांच्या बोटांशी ताडून पाहता गावातल्या एका कारागिराशी जुळला. वैशिष्ट्ये बारा, शंकेला जागा नाही. ठसेवाल्यांनी अहवाल दिला, कारागीर आत गेला. आठवडाभराने घरातली म्हातारी बोलता बोलता म्हणाली, "त्यो व्हय? त्यानंच तर दिवाळीच्या आधी कपाटाचं कुलूप बशीवलं." तिला आधी कुणी विचारलेच नव्हते. अहवालातला शब्दही चुकीचा नव्हता. बोट त्याचेच होते. ठसा कधी उमटला हे सांगणारी खात्रीची पद्धत जगात अजून नाही. आत, सावलीत, गुळगुळीत पत्र्यावर तो महिनोन्महिने टिकतो. तेव्हापासून प्रत्येक अहवालाच्या शेवटी ते स्वतःहून एक ओळ लिहू लागले: 'ठसा उमटल्याची वेळ सांगता येत नाही.' ही ओळ काढा असे त्यांना किमान तिघांनी सांगितले.

त्यांच्या मते खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती सांगताना ते चष्मा काढून ठेवतात.

नोकरीला पाचेक वर्षे झाली होती. अखिल भारतीय मंडळाची परीक्षा पास होऊन 'तज्ज्ञ' हा शब्द नुकताच नावापुढे लागला होता. बाजारपेठेतले एक दुकान फुटले. गल्ल्यावरच्या काचेवर अर्धा ठसा मिळाला, कडेला पुसटलेला. दोन दिवसांत तपासी अंमलदार एका पोराची पत्रिका घेऊन आले. "कबूल झालाय. तुमचं एवढं लिहून द्या, रिमांडला बरं पडेल." ठसेवाले भिंग घेऊन बसले. ठशात रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे दोन रेषांत तळे धरते, कुठे नुसता ठिपका असतो. या बारीक खुणा एकाच जागी, एकाच दिशेने आणि मध्ये तितक्याच रेषा सोडून दोन्हीकडे सापडल्या पाहिजेत. आपल्याकडे सर्वसाधारणपणे आठ खुणा जुळाव्यात असा प्रघात आहे. सात सापडल्या. आठवी हवी होती. अंमलदार बाहेर बाकावर बसले होते. तासाभराने आठवीही सापडली. एके ठिकाणी, तीन दिशांच्या रेषा मिळतात त्या त्रिकोणाजवळ, काचेवरची रेषा तुटत होती आणि पत्रिकेतली पुढे जात होती. तिथे पावडर नीट बसली नसेल, असे त्यांनी स्वतःला समजावले.

अहवाल टाइप करून वरिष्ठांपुढे सहीला गेला. वरिष्ठ शांत माणूस. त्यांनी पत्रिका उपडी घातली, आधी नुसता काचेवरचा ठसा पाहिला, कागदावर त्याच्या खुणा काढल्या. पाचच निघाल्या. मग पत्रिका सरळ केली आणि विचारले, "या बाकीच्या तीन तुम्ही ठशात पाहिल्यात, की पत्रिकेत पाहून ठशात शोधल्यात?"

ठसेवाल्यांकडे उत्तर नव्हते. वरिष्ठांनी त्रिकोणाजवळच्या तुटक्या रेषेवर पेन्सिल टेकवली. साम्ये कितीही असोत, जिचा खुलासा होत नाही अशी एक विसंगती त्या सगळ्यांना पुरून उरते. अहवाल फाडला गेला. नवा दोन ओळींचा होता: ठसा जुळत नाही. अंमलदार बरेच दिवस बोलत नव्हते. दीड वर्षाने दुसऱ्या जिल्ह्यात धरलेल्या एका माणसाच्या पत्रिकेशी तोच ठसा जुळला, आणि या वेळी त्रिकोणाजवळची रेषासुद्धा जिथल्या तिथे तुटत होती. कबूल झालेला पोरगा तोवर जामिनावर सुटून ऊसतोडीला गेला होता. न केलेल्या चोरीची कबुली त्याने कशी दिली, हे ठसेवाल्यांनी तेव्हा कुणाला विचारले नाही. विचारायला हवे होते, असे ते आता म्हणतात.

आपण काही जगावेगळे चुकलो नव्हतो, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयने तो आपल्या संगणकात टाकला. संगणकाने वीस संभाव्य नावांची यादी दिली. चौथे नाव ओरेगॉन राज्यातले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचे होते. एफबीआयच्या तज्ज्ञांनी एकामागून एक 'जुळतो' म्हणून सही केली. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितले. स्पॅनिश पोलीस सुरुवातीपासून नाही म्हणत होते. मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत राहिले, आणि मग स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले. एफबीआयने माफी मागितली, सरकारने वीस लाख डॉलर भरले. नंतरच्या चौकशी अहवालात एक निष्कर्ष असा निघाला, की तज्ज्ञांनी काही खुणा मेफिल्ड यांच्या पत्रिकेत पाहून मग धूसर ठशात 'पाहिल्या' होत्या. वरिष्ठांचा प्रश्न नेमका हाच होता.

स्कॉटलंडची शर्ली मॅकी तर स्वतःच पोलीस. १९९७ साली खून झालेल्या घराच्या दाराच्या चौकटीवरचा ठसा तिचा आहे असे तज्ज्ञांनी सांगितले. मी आत गेलेच नव्हते, असे ती शपथेवर म्हणाली, म्हणून खोट्या साक्षीचा खटला तिच्यावरच उभा राहिला. १९९९ मध्ये ती सुटली, २००६ मध्ये साडेसात लाख पौंडांची भरपाई मिळाली, आणि तो ठसा तिचा नव्हताच हे अधिकृत चौकशीने सांगायला २०११ साल उजाडले.

इतिएल ड्रोर या संशोधकाने एक प्रयोग केला. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी 'जुळतो' म्हटलेली ठशांची जोडी न सांगता पुन्हा दाखवली आणि ही मेफिल्ड प्रकरणातली चुकलेली जोडी आहे असे भासवले. पाचांपैकी चौघांनी आपले आधीचे मत बदलले. ठसे तेच, डोळे तेच. बाहेर बाकावर अंमलदार बसलेले असतात तेव्हा भिंगातून काय दिसते, याचा हिशेब त्यामुळे ठेवावा लागतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १६९ तज्ज्ञ बसले होते. नसलेली जुळणी 'आहे' म्हणण्याची चूक हजारात एकच्या आसपास निघाली, असलेली जुळणी 'नाही' म्हणण्याची चूक शंभरात साडेसात. म्हणजे विद्या कुचकामी नाही, चांगलीच भरवशाची आहे. पण शून्य चूक कुठेच नाही. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली एका निकालात म्हटले होते, की अंगठ्याचा ठसा ओळखण्याच्या शास्त्रात चुकीला वा शंकेला वाव नाही. हा निकाल सरकारी वकील साक्षीच्या वेळी अगदी खणखणीत आवाजात वाचत. पिंजऱ्यात उभ्या ठसेवाल्यांना तेव्हा बरे वाटायचे. पुढे पुढे अवघडल्यासारखे होऊ लागले.

बचावाचे चांगले वकील ठशाच्या नादी लागत नसत. ते विचारत, मुद्देमाल सील कुठे केला, पंच कोण होते, पाठवायला आठवडा का लागला. १९९७ मध्ये राजस्थानातल्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पितळी भांड्यावरचा ठसा याच मुद्द्यांवर बाजूला ठेवला. भांडे सीलबंद राहिल्याचा भरवसा नव्हता आणि आरोपीच्या बोटांचे नमुने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना घेतले होते. हा निकाल ठसेवाल्यांनी आपल्या पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवला होता, तारखेसह. मुद्देमालाला सील नसेल तर ते पेटी उघडतच नसत. त्यामुळे कडक म्हणून नाव पडले. आडमुठे म्हणूनही.

ठसा जुळला तर सगळे ऐकतात. जुळला नाही तर कुणी ऐकत नाही, हे दुखणे त्यांना जास्त लागलेले. महाराष्ट्रातच २००३ साली एका कुटुंबावर रात्री भयंकर हल्ला झाला, पाच माणसे मारली गेली. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. डीएनए, ठसे, रक्त, कशाच्याच अहवालाचा धागा त्यांच्याशी जुळत नव्हता. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंच्या संग्रहातून भलतीच माणसे ओळखली होती, त्यांचा तपास झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले. तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. 'जुळत नाही' हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो आणि वाचायला किती, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या मुलखात शोधून सापडणार नाही, असे ठसेवाले म्हणतात.

भटक्यांचा विषय निघाला की ते जरा थांबून बोलतात. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर या भागांत पारध्यांच्या वस्त्या आहेत. घरफोडी झाली की जीप आधी त्या वस्तीवर जायची. इंग्रजांच्या १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार दिलेला होता. गुन्हा करायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. सवय राहिली. मिसरूड न फुटलेली पोरे रांगेत उभी राहायची, शाईच्या पाटीवर रोलर फिरायचा, आणि ठसेवाले एकेक बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचे. काही पोरे सांगायच्या आधीच बोटे सैल सोडायची. ठसा कसा देतात हे ती शिकलेली होती. शाई धुवायला साबण मागायचे धाडस कुणी करत नसे.

१९२० च्या कैदी ओळख कायद्यात एक कलम होते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर त्याची मोजमापे आणि फोटो नष्ट करावेत किंवा त्याच्या हवाली करावेत. वीस-पंचवीस वर्षांत अशी एकही पत्रिका कुणाच्या हवाली केल्याचे त्यांना आठवत नाही. स्वतः त्यांनीही केली नाही. "कुणी मागायला आलं नाही," असे ते आधी म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "कलम आहे हे त्यांना सांगितलं कुणी होतं?"

चांगले दिवसही होते. नदीला वाहून आलेल्या बेवारस प्रेताच्या बोटांची कातडी पाण्याने सैल होते. ती हातमोज्यासारखी काढून स्वतःच्या रबरी मोजा घातलेल्या बोटावर चढवायची आणि ठसा घ्यायचा. अशा एका ठशावरून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका घराला आपला माणूस चार महिन्यांनी कळला. त्या घरातून पुढे दर संक्रांतीला पत्र यायचे. हे काम करून आल्यावर बायको अंघोळीआधी घरात घेत नसे, तेही खरे.

लक्षात राहिलेला दुसरा हात ऊसतोड कामगारांचा. पाथर्डी-शेवगावकडची माणसे सहा महिने कोयता धरतात. त्यांच्या बोटांवर रेषा नावालाच उरतात, जागोजाग चिरा. गवंड्यांचेही तेच, सिमेंटने बोटे खरवडून निघतात. शाईने घेतलेली पत्रिका नुसती काळी यायची. आता हेच लोक रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर बोट ठेवतात आणि दुकानदार ओरडतो, "थम लागंना. दुसरं बोट ठेव." निवृत्तीनंतर ठसेवाले गावाकडे गेले की दुकानापुढे थांबून लोकांना सांगतात, हात धू, थोडं तेल लाव, पूस, आता दाबू नको, नुसतं टेकव. बहुतेकदा लागते. आयुष्यभराच्या विद्येचा एवढा रोख उपयोग आधी कधी झाला नव्हता, असे ते हसून सांगतात.

पण अंगठा जितक्या ठिकाणी टेकवायचा तितक्या ठिकाणी तो मागे राहतो. तेलंगणात २०१८ साली एका मोबाईल विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या आधारवर सिमकार्डे चालू केली. आपल्या खरेदीखतांवरही अंगठे असतातच. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठ्याचे काय करायचे?

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नवे अधिकारी सर्रास विचारायचे, "सगळ्यांचे ठसे आधारमध्ये आहेत, टाकून बघा ना." ठसेवाले त्यांना गोव्याची गोष्ट सांगत. २०१३ साली वास्को इथल्या शाळेत एका लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. जागेवर मिळालेले ठसे ताडून पाहण्यासाठी सीबीआयने आधार प्राधिकरणाकडे गोव्यातल्या सगळ्या नोंदणी झालेल्या लोकांची माहिती मागितली आणि दंडाधिकाऱ्यांनी तसा आदेशही दिला. प्राधिकरणच त्याविरुद्ध उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची जैविक माहिती कुणालाही द्यायची नाही. गुन्हा इतका संतापजनक होता, की त्या वेळी ठसेवाल्यांनाही वाटले होते, द्यायला काय हरकत आहे. नंतर त्यांनी विचार केला. सगळ्या राज्याला संशयित धरून चाळायचे, तर लाखोंच्या ढिगात त्या अर्धवट ठशासारखे दिसणारे कुणीतरी निघणारच, आणि त्या माणसाला मग आपण तिथे नव्हतो हे सिद्ध करत बसावे लागणार. ढीग जितका मोठा, तितके सारखे दिसणारे जास्त. मेफिल्ड यादीत चौथे होते.

आता ढीग मोठाच झाला आहे. महाराष्ट्राने खणांतल्या जुन्या पत्रिका 'अँबिस' प्रणालीत चढवल्या, तिच्यात ठशांबरोबर चेहरा आणि बुबुळेही. देशपातळीवरच्या 'नाफिस' प्रणालीचे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झाले, तिथे प्रत्येक गुन्हेगाराला दहा अंकी क्रमांक मिळतो. ज्या शोधाला पूर्वी आठवडे लागत तो मिनिटांत होतो, आणि नगरची चोरी करून हैदराबादला गेलेला माणूस तिथे सापडतो. ठसेवाले याच्या विरोधात मुळीच नाहीत. हे यंत्र आपल्या तरुणपणी असते तर, असे त्यांना फार वाटते. त्यांची तक्रार एवढीच, की यंत्र उत्तर देत नाही, उमेदवारांची यादी देते. तिच्यावर भिंग घेऊन कुणीतरी बसावे लागते. आणि यंत्राने सांगितले म्हटल्यावर पत्रिका उपडी घालणारा वरिष्ठ आता कुठून आणायचा?

कायदाही बदलला. ४ ऑगस्ट २०२२ पासून १९२० चा कायदा जाऊन फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. बोटांबरोबर तळवे, पावले, बुबुळे, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर, सगळे घेता येते. अटक झालेल्या माणसाचेही घेता येते. अपवाद थोडा, तोही जैविक नमुन्यांपुरता: सात वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि तो स्त्री किंवा बालकाविरुद्ध नसेल, तर ते देण्याची सक्ती नाही. नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पंच्याहत्तर वर्षे राहते. ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी मुंबई राज्याच्या एका खटल्यात १९६१ सालीच ठरवले होते. ठसेवाल्यांना ते नोकरीत असतानाही पटत होते, आजही पटते. पण २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असेही सांगितले. घ्यायला हरकत नाही, ठेवायला किती काळ, हा प्रश्न उरतोच. विसाव्या वर्षी बोटे काळी झालेल्या पोराची नोंद त्याच्या पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

गेल्या पावसाळ्यात असाच एक जण त्यांच्या दारात आला. त्याच्या आज्याची, बापाची आणि त्याची स्वतःची, तिघांचीही बोटे कधी ना कधी ठसेवाल्यांनी धरलेली. पोरगा एका चोरीच्या गुन्ह्यातून निर्दोष सुटला होता, अपिलाची मुदत टळून गेली होती. भरतीची तयारी करत होता. "साहेब, माझे ठसे तिथंच राहत्यात का?"

नव्या कायद्यातही तरतूद आहे. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला असेल, तर सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर नोंद नष्ट करायची असते, न्यायालयाने कारण देऊन वेगळा आदेश दिला नसेल तर. त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. विनंती न करणाऱ्याचे ठसे आपणहून कुणी पुसायला जाईल, यावर विसंबू नये, असे ठसेवाले येईल त्याला सांगतात. निकालाची प्रमाणित प्रत जोडा, गुन्हा नोंदणी क्रमांक लिहा, पोच घ्या.

त्या पोराचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, दोन पानी, नोकरीत अहवाल लिहायचे त्याच वळणदार अक्षरात. सहीच्या जागी पोराने सवयीने अंगठा पुढे केला. ठसेवाल्यांनी पेन त्याच्या हातात दिले. टपालाची पावती त्याने मोबाईलच्या कव्हरमागे ठेवली आहे.